भटकभवानीचे लाडू

माझ्या आईला बाबा भटकभवानी म्हणत, आणि तिला ते नाव आवडायचं. बाबा असेपर्यंत तिची धाव नागपूरच्या मनीषनगरातून फार तर रामटेकपर्यंत. ते गेले आणि तेराव्यालाच तिने विचारलं, "आता पासपोर्ट काढायले मले कोण अडवते?" अडवणारा फोटोत होता.

तिचा पहिला परदेश माझ्या खर्चाने झाला. नवऱ्याची नोकरी इंडोनेशियात, मला दिवस भरत आलेले, म्हणून आई बाळंतपणाला आली. बाळंतिणीसाठी डबाभर डिंकाचे लाडू आणले होते. "आधी पोर होऊ दे, मग खा," म्हणून मला हात लावू दिला नाही.

आमच्या बाल्कनीतून एक ज्वालामुखी दिसे. आई रोज त्याच्यासमोर चहा प्यायची. "तो धूर सोडून राहिला आणि आपण इथं बसून राहिलो," असं तिचं म्हणणं. एके दिवशी त्यावर चढणाऱ्या कुठल्याशा सहलीत नाव घालून आली. मी म्हटलं, जाऊ नको, मला भीती वाटते. "तुले वेळ आहे वं अजून," म्हणाली आणि जावयाचे बूट घालून निघाली.

त्याच संध्याकाळी मला कळा सुरू झाल्या. आईचा फोन लागेना. मी सारखी "आई गं" ओरडत होते. नर्सने नवऱ्याला अर्थ विचारला. त्याने सांगितला. मग त्या कुठे आहेत, असं तिने विचारलं. त्याने खिडकीतून डोंगर दाखवला.

आई परतली तेव्हा मुलगी पाळण्यात होती. तिच्यासाठी आजीने काळा दगड आणला होता. लाडवांचा डबा रिकामा. "संगं एक बाई होती, तिले चक्कर येऊन राहिली होती. दोघीनं खाल्ले," आई म्हणाली. मी रडायला लागले. "काहून रडतं वं? डॉक्टर होता ना. मी तिथं काय करणार होती?"

मला ती फक्त तिथे हवी होती. हे मी तिला कधी सांगितलं नाही आणि कित्येक वर्षं विसरलेही नाही. पुढे ती दादाच्या खर्चाने इजिप्तला गेली. दादाची गच्ची त्या पावसाळ्यातही गळली. उंटावरचा आईचा फोटो त्याच ओलीवर टांगला आहे.

गेल्या वर्षी तिचं हृदय थकलं, तेव्हा मी नागपूरला आले. ती अंथरुणाला खिळलेली, आणि मी उशाशी बसले की चिडायची. "माझं तोंड काय पाहून राहिली? पेंचले जाऊन ये, वाघ पाह्य." मी म्हणायचे, मी वाघासाठी आलेली नाही. शेवटी तिने दादाकरवी गाडीच सांगितली आणि निघताना माझ्या हातात एक डबा दिला. "रस्त्यात भूक लागते."

पारशिवनीला पोचले तोच दादाचा फोन आला. आई गेली होती. ड्रायव्हरने न विचारताच गाडी वळवली.

बऱ्याच वेळाने मांडीवरचा डबा उघडला. आत डिंकाचे लाडू होते. शेजारच्या काकूंकडून तिने ते मुद्दाम वळून घेतले होते, हे मला नंतर समजलं. बाळंतपणाचे माझे लाडू मला मिळाले तेव्हा मुलगी दहावीत होती. नागपूर येईपर्यंत मी रडत रडत सगळे खाल्ले.