दाजींचा थांबा

घाटातल्या बसचे ड्रायव्हर शिस्तीचे पक्के. कंडक्टर त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो ‘दाजी’ म्हणायचा, म्हणून सगळी बस त्यांना दाजीच म्हणायची. अठ्ठावीस वर्षांत थांबा सोडून त्यांनी गाडी कधी थांबवली नव्हती. एकदा तर मागून धावत येणारे मामेसासरे आरशात दिसत असूनही ते निघून गेले होते.

त्या वर्षी सातव्या वळणावर एक फूलझाड त्यांच्या डोळ्यांत भरलं. पुरुषभर उंच दांडा आणि त्याला खालपासून शेंड्यापर्यंत निळी फुलं. दाजींनी इंजिन तापल्याचं निमित्त केलं, उतरले आणि झाडाशेजारी जाऊन उभे राहिले. शेंडा त्यांच्या टोपीच्याही वर होता.

"दाजी, इंजिन इकडे आहे," मेहुणा म्हणाला.

"माहीत आहे मला."

मग इंजिन रोजच तापू लागलं. बस थांबते म्हटल्यावर वरच्या वस्तीतली माणसं पायवाटेनं उतरून तिथेच वाट बघू लागली. दूधवालाही किटल्या तिथेच आणून ठेवू लागला. दाजी दोन दिवस रजेवर गेले, बदली ड्रायव्हर सरळ निघून गेला आणि आगारात तक्रार आली.

"सातव्या वळणावर बस थांबली नाही म्हणे," साहेबांनी दाजींना विचारलं.

"साहेब, तिथे थांबाच नाही."

"मग एकोणीस सह्या कुठून आल्या?"

दाजी टोपी चाचपत राहिले. साहेबांनी थांबा मंजूर करून टाकला. फलक लावायला माणसं आली आणि अक्षरं झाकली जातात म्हणून त्यांनी ते झाड बुडापासून छाटलं.

दाजींचं जेवणावरचं मन उडालं. बायको म्हणाली, "माझे काका गेले तेव्हा तुम्ही दोनदा भात मागून घेतला होता."

तरी सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याबरोबर वळणावर गेली. बोटांनी माती उकरली. आत मुळ्याएवढं जाड मूळ टणक होतं.

"हे दर वर्षी फुटणारं आहे. चला, जेवायला."

पुढच्या वर्षी ते फुटलं आणि फलकाच्याही वर गेलं. वाऱ्यानं मोडू नये म्हणून दाजींनी बुटाच्या नाडीनं ते खांबाला बांधलं. आता थांब्याचं नाव कोणालाच वाचता येत नाही. नवखा प्रवासी विचारतो, तेव्हा मेहुणा सांगतो, "ड्रायव्हर उतरले की तुम्हीही उतरा."