लोकरीला लोखंड

रेवणप्पाने जवळजवळ वर्षभर ते नाव का घेतले नाही? ज्या यंत्राने त्याचा अर्धा पाय नेला, त्याची कडी कोणाच्या हाताने बांधली गेली हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. आणि ते हात त्याच्याच घरात दोन वेळा भाकरी थापत होते. ती दया होती, हट्ट होता, की शिक्षा देण्याची एक नवी रीत, याचा निकाल या लेखनाला लावता आलेला नाही. सांगता येते ते अनसाबाईचे. कारण ते हात तिचे होते.

हुलसूरच्या बाहेर उमादेवींची चार एकरांची बाग आहे. मध्ये मंगल कार्यालय, भोवती हिरवळ, कडेला बोगनवेलीचे कुंपण. उमादेवींचे यजमान तूरडाळीचे व्यापारी. त्यांच्या मागे बाईंनी आणि त्यांचा मुलगा महांतेश याने ही जागा लग्नांसाठी चालवली. रेवणप्पा आणि अनसाबाई सोळा वर्षांपूर्वी तिथे माळीकामाला आले. दोघेही धनगर; कळप विकून टाकलेले. कळप गेला तरी रेवणप्पाच्या हातातली काठी गेली नव्हती. कळप असताना एकदा लांडग्याने कोकरू नेले, तेव्हा त्याच काठीने त्याने बायकोचे डावे मनगट मोडले होते. हाड वाकडे जुळले. त्या वाकड्या मनगटाने ती बागेतली कण्हेर छाटत असे, आणि छाटताना कण्हेरीकडे असे पाहत असे, की जवळ उभ्या असलेल्याने दोन पावले मागे सरावे.

या घराची एक रीत होती. खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, कात्री यांची पूजा झाली, की काळ्या मेंढीची लोकर हाताने वळून, हळदीच्या पाण्यात बुडवून, तिचे कंकण हत्याराला बांधायचे. ते आपोआप झिजून गळेपर्यंत काढायचे नाही, आणि काहीही झाले तरी ते कापायला लोखंड लावायचे नाही. लोकरीला लोखंड लागले तर बिरोबा घर सोडतो, असे अनसाबाईची सासू सांगत असे.

१४ ऑक्टोबर २०२१ रोजी खंडेनवमी होती. बागेत तेव्हा एक जुने पेट्रोलचे गवतकापणीचे यंत्र होते. त्याच्या दांड्याला समांतर एक पातळ लोखंडी कडी असे. ती दांड्याशी दाबून धरली की इंजिन चाले, सोडली की बंद पडे. पहाटे अनसाबाईने यंत्राला पहिल्यांदाच कंकण बांधले, ते कडी आणि दांडा एकत्र धरून. तिच्या लेखी ते नमस्काराला जोडलेले दोन हात होते. रेवणप्पा शेजारी उभा होता. त्याने पाहिले आणि तो काही बोलला नाही. वरून झेंडूचा हार पडला आणि कंकण झाकले गेले. ओली लोकर सुकताना आवळत गेली.

दोन दिवसांनी, शनिवारी, त्याने यंत्र चालू केले. कडी बांधलेलीच होती. बंद करताना प्लगची टोपी ओढली की झाले, असा त्याचा हिशोब. विहिरीकडच्या उतारावर दव होते. यंत्र मागे ओढताना टाच घसरली, तो उताणा पडला, हात सुटले. यंत्र मात्र थांबले नाही. ते उतारावरून खाली, त्याच्या अंगावर आले.

अनसाबाई कुंपणापाशी होती. तिने प्रथम आवाज बदललेला ऐकला. गवत कापतानाचा आवाज सलग असतो. हा अडखळत, खोकत चालला होता. ती धावली. पाते चपलेच्या टायरमध्ये शिरले होते आणि टायरच्या पुढे जे होते त्यातही. प्लगची टोपी काढायची हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिला एवढेच माहीत, की कडी सुटली की यंत्र मरते. तिच्या कमरेला विळा होता. विळ्याचा एक फटका पुरे होता. तिने विळा काढला नाही. ती दांड्यावर ओणवी झाली आणि तिने कंकण दातांनी कुरतडायला सुरुवात केली. खाली नवरा ओरडत होता, तोंडात लोकर आणि हळद होती, आणि प्रत्येक चाव्यागणिक दांड्यातून येणारा हादरा तिच्या हिरड्यांत घुमत होता. किती वेळ गेला ते तिला पुढे कधीही सांगता आले नाही. कडी सुटली. इंजिन बंद पडले. तिने तोंडातला लोकरीचा बोळा बोगनवेलीत थुंकला आणि मग हाका मारल्या.

बिदरला नेले. पाऊल मधोमध गेले. टाच आणि घोटा राहिला. यंत्र कसे थांबले नाही, असे पोलिसाने विचारले, तेव्हा म्हाताऱ्याने बिडी ओढायला मोकळे व्हावे म्हणून कडीला तार बांधली असणार, असे महांतेशने सांगून टाकले. खाटेवरच्या रेवणप्पाने छताकडे पाहत मान हलवली. माझीच चूक, एवढेच तो म्हणाला. अनसाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलेदेखील नाही.

त्यांची मुलगी तुळजा नवऱ्याचे घर सोडून आली होती आणि बागेतच राबत होती. तिचा या तारेवर विश्वास बसला, पण उलट बाजूने. फवाऱ्याच्या पंपाचा खटका तारेने बांधायला महांतेशने गड्यांना सांगितलेले तिने पूर्वी ऐकले होते. तार त्यानेच बांधली आणि बापावर ढकलली, असे तिने धरले. जानेवारीत एका लग्नाच्या आदल्या दिवशी, आचाऱ्यांच्या देखत, तिने फावड्याचा दांडा त्याच्या खांद्यावर घातला. दुसरा घाव डोक्यावर होता. तो गंगाळाला लागला म्हणून माणूस वाचला. उमादेवींनी तक्रार केली नाही. त्यांनी दांडा उचलून अनसाबाईच्या हातात दिला आणि पोरीला आवर घालायला सांगितले. अनसाबाईने त्या रात्री पोरीला मारले, आणि मारताना तिला कळत होते, की हे घाव चुकीच्या पाठीवर पडत आहेत.

पुढचा पावसाळा सरला तेव्हा गवत गुडघ्यापर्यंत आले. जुने यंत्र भंगारात गेले होते. नवे घ्यायचे ठरले आणि ते तुळजाने चालवायचे, हेही ठरले. उमादेवींनी महांतेशबरोबर अनसाबाईला गुलबर्ग्याला पाठवले. यंत्रामागे चालणारे पाय ज्यांच्या घरचे, त्यांनी ते पारखावे, असे त्यांचे म्हणणे. टेम्पोत दोघे साठ-सत्तर मैल शेजारी बसून गेले. तो एका हाताने गाडी चालवत होता. दुखरा खांदा गियर टाकताना अजून आखडत असे.

अमरनाथचे शेतीयंत्रांचे दुकान होते आणि मागे मोकळी जागा. अनसाबाईने समोरच्या रसवंतीवरून उसाची मोळी घेतली. पायाच्या अंगठ्याएवढ्या जाडीचेच ऊस तिने निवडले. अमरनाथला वाटले, बाईंना रस आवडतो.

पहिले यंत्र लाल, रुंद पात्याचे, महांतेशच्या मनात भरलेले. त्याला कडीच नव्हती. वाकून बटण बंद करावे लागे. अमरनाथने दोरी ओढली आणि गुण सांगायला तोंड उघडले, तोच अनसाबाईने ऊस बाजूने पात्याखाली सारला. ऊस तिच्या हातातून हिसकला गेला. वीतभर, हातभर, मग एक तुकडा बाजूच्या तोंडातून सुटला आणि महांतेशची भुवई फाडून गेला. रक्त डोळ्यात उतरले, पांढऱ्या सदऱ्यावर आले. अमरनाथने धावत बटण बंद केले. महांतेश रुमाल दाबत म्हणाला, की बघितलीत का मशीनची ताकद, हेच घ्यायचे.

दुसऱ्याला कडी होती. अनसाबाईने अमरनाथला बजावले, की मी म्हणेन तेव्हा हात सोडायचा. तिने सांगितले, त्याने सोडला, तिने ऊस घातला. इंजिन बंद पडले, पण पाते शीळ घालत फिरत राहिले आणि त्याने तीन पेरे खाल्ली. तिने उरलेला ऊस स्वतःच्या पावलाशेजारी धरून पाहिला. बोटांपासून घोट्यापर्यंत तीनच पेरे होतात.

तिसरे यंत्र लहान होते. हात सोडला तशी आत काहीतरी कचकन आवळले. पात्याने एक पेर तासले, दुसऱ्यात दात रुतवला आणि ते तिथेच थांबले. ऊस उभा राहिला.

“हे.” अनसाबाई म्हणाली.

अमरनाथ प्रामाणिक माणूस होता. पाते अरुंद आहे, चार एकरांना तीन दिवस लागतील, असे त्याने सांगितले. महांतेश उसळला.

“तीन दिवस? उद्या लगीन अन् आज अर्धंच गवत? लोकं बसतील कुठं, अक्का?”

“अर्ध्या पायाचा माणूस बसतोय की. ते बी बसतील.”

“तुमच्या माणसानं तार बांधली, म्हणून आमी बारकी मशीन घ्यायची व्हय?”

बोलायची जागा हीच होती, आणि तिने ती जाऊ दिली. तिने अमरनाथला विचारले, या कडीला काही बांधता येते का. त्याने कडी दोनदा दाबून दाखवली आणि खांदे उडवले.

“बाई, बांधायचं म्हणलं तर माणूस देवाला बी बांधून ठेवतोय. मशीनचं काय घेऊन बसलाव?”

महांतेशने भुवईवरचा रुमाल बदलला, आईशी फोनवर तणतणला, आणि तिसरेच यंत्र टेम्पोत चढले. परतीच्या वाटेवर अनसाबाईला कळून चुकले होते, की योग्य यंत्र निवडून काहीच निवडलेले नाही. धोका यंत्रात नव्हता. तिच्या घरातल्या लोकरीत होता.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा खंडेनवमी आली. नवे यंत्र पाटावर ठेवले गेले. उमादेवींनी विभूती लावली, महांतेशने कोहळा ओवाळून जमिनीवर आपटला. कुंकू भरलेला गर सगळ्यांच्या पायांवर उडाला. कुबडी मांडीवर घेऊन रेवणप्पा ओट्यावर बसला होता. मग उमादेवी म्हणाल्या, की गेल्या साली त्या मशीनला तुमचे कंकण नव्हते, म्हणूनच ते माणसावर उलटले, यंदा बांधा. तुळजाने लोकर आधीच वळून आणली होती. तिने ती कडी आणि दांडा एकत्र धरून गुंडाळायला सुरुवात केली. हत्याराच्या मुठीला आई असेच वेढे घाली, हे तिने लहानपणापासून पाहिलेले होते.

दोन वेढे झाले. तिसऱ्याला अनसाबाईने विळा काढला आणि लोकरीवर घातला. लोकर तुटली, आणि तिच्याखालचा तुळजाचा तळवाही अंगठ्यापासून मनगटापर्यंत उघडला. हळदीच्या धाग्यावरून रक्त पाटावर टपकू लागले. उमादेवी मागे सरकल्या. लोकरीला लोखंड लागले होते.

“गेल्या साली कंकण व्हतं,” अनसाबाई म्हणाली. “म्याच बांधलं व्हतं. असंच. तार बिर काय नव्हती. तुझ्या बापाचा पाय म्या कापला.”

तुळजाने रक्ताळलेल्याच हाताने तिच्या तोंडात मारली. ज्या दातांनी कंकण कुरतडले होते त्यातला एक हलला. दुसऱ्या वेळी हात उचलला तेव्हा महांतेशने तो वरच धरला. त्याच्या भुवईवरचा व्रण तिच्या डोळ्यांसमोर आला.

“म्हंजे मी फुकटच मार खाल्लो,” तो म्हणाला. मग आईकडे न पाहता त्याने तेही सांगितले, की तार त्याने कधी पाहिलीच नव्हती. त्याने तुळजाचा हात खाली घेतला आणि पाटावरची हळद जखमेत दाबून भरली. ती कळवळली नाही.

ओट्यावरच्या रेवणप्पाच्या चेहऱ्यावर नवल नव्हते. उमादेवींनी त्याच्याकडे पाहून विचारले, की रेवणप्पा, तुमाला हे ठाऊक असून तुमी कामून बोलला न्हाई.

“इचारलं कुणी?” रेवणप्पा म्हणाला.

हे खरे नव्हते. पोलिसाने विचारले होते, मुलीने विचारले होते, उमादेवींनीही एकदा विचारले होते. विचारले नव्हते ते फक्त अनसाबाईने. तिने पदराने तोंड पुसले आणि तुटलेली लोकर पाटावरून गोळा केली. तुळजाने दोरी ओढली, कडी दाबली, चार पावले चालली आणि हात सोडला. यंत्र थांबले. तिने ते पुन्हा केले. आईकडे न पाहता, उतारावर जाऊन, तिसऱ्यांदा केले.

रेवणप्पा मार्च २०२४ मध्ये वारला. त्या वर्षी ११ ऑक्टोबरला, खंडेनवमीच्या दिवशी, तुळजाने लोकरीचे कंकण यंत्राला न बांधता शेडमधल्या लाकडी खुंटीला बांधले.