काकूची टिकिया

माझ्या धाकट्या जावेच्या हातची बटाट्याच्या किसाची टिकिया कधी तुटत नाही. एवढ्याशा गोष्टीवरून मी किती जळले, माझं मला माहीत! जाऊ जबलपूरकडची, राहते आमच्याच गावात, नंदनवन वस्तीत. माझी लेक कॉलेजातून परस्पर तिच्याकडे जायची आणि घरी येऊन म्हणायची, "आई, मले भूक नाही. काकूनं टिकिया केल्या होत्या." झालं! माझी भाजी-पोळी राहिली तशीच झाकलेली.

आता किसातलं मला कोणी शिकवावं? दर उन्हाळ्यात कळमन्याच्या ठोक बाजारातून पोतंभर बटाटे आणून गच्चीवर कीस वाळवणारी मी. पाणी नितळ येईस्तोवर धुते, म्हणून तर तळल्यावर काडी न् काडी मोकळी फुलते. सारी गल्ली माझा कीस मागून नेते. पण त्याच हातानं टिकिया थापली की उलटताना पार भुगा. बेसन घातलं, तांदळाचं पीठ घातलं. त्याची भजी झाली. जावेला विचारायचं? जीव गेला तरी नाही.

मग लेकीला पुण्याला नोकरी लागली. रविवारची गाडी होती. जायच्या आधी एकदा तरी तिनं माझ्या हातच्या टिकिया पोटभर खाव्या, काकूची आठवणसुद्धा काढू नये, एवढाच ध्यास घेतला मी. शनिवारी सकाळी बटाटे किसून धुवायला लागले, तर ती मागे येऊन उभी राहिली.

"काहून धुऊन राहिली वं आई? सारा चिकटपणा पाण्यात गेला, मग त्याले धरून काय ठेवते?"

तिनं नवे बटाटे किसले, मीठ लावून घट्ट पिळले. पिळलेलं पाणी वाटीत तसंच राहू दिलं. थोड्या वेळानं वरचं पाणी ओतलं, तर बुडाशी पांढरं पीठ बसलेलं. ते किसात परत कालवलं. तव्यावर टाकल्यावर म्हणाली, "आता हात नको लावू. खालून लाल झाली का आपोआप सुटते."

हात शिवशिवत होते, पण दम धरला. उलटली. एक काडी इकडची तिकडे नाही! अगं बाई, काय आनंद झाला मला! लेक माझ्या ओट्याशी उभी राहून, फुंकर घालत, बोटं भाजून घेत खात होती. म्हटलं, जाऊ गेली उडत.

खाता खाताच तिनं फोन लावला आणि बाल्कनीत गेली. हळू बोलत होती, पण ऐकू आलं मला.

"काकू, जमलं वं आईले! तू सांगितलं तसंच केलं. नाही, नाही, तुझं नाव नाही घेतलं मी."

मी तव्यावरची दुसरी टिकिया उलटली. तीही तुटली नाही मेली.