संगणकावर लिहिलेला अर्ज

अर्ज टाइप करून झाला, की दौलतभाऊ तो अर्जदाराला मोठ्यानं वाचून दाखवत आणि विचारत, "हे तूच बोलून राह्यला ना?" समोरचा जरा जरी अडखळला, तरी कागद फाडून पहिल्यापासून सुरुवात. मागचे लोक वैतागत, पण भाऊ ढिम्म हलत नसत.

तालुक्याच्या कचेरीसमोर, चिंचेखाली त्यांचं टेबल होतं. मी आत आवक टेबलावर कारकून. आलेल्या अर्जावर शिक्का मारायचा आणि नंबर टाकायचा, एवढंच माझं काम. शिक्का बसला की कागद सरकारदरबारी जन्माला आला, नाही बसला तर रद्दी. तेवढ्या सत्तेवरही मी बराच भाव खात असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

भाऊंच्या टाइपरायटरशेजारी भारताच्या घटनेचं पुस्तक असे, जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं. "माह्या बापानं वावर नाई देलं, हे देलं," ते सांगत. त्यांचे वडील जन्मभर दुसऱ्याच्या बांधीत धान रोवत आले. त्यांना वाचता येत नव्हतं. पण पोरानं वाचावं म्हणून त्यांनी ते पुस्तक नागपूरहून आणलं होतं.

पन्नाशीनंतर भाऊंची बोटं आखडली. टाइपरायटरची कळ दाबताना त्यांचा चेहरा पिळवटून निघे. दिवसाला चार अर्जही होईनात. मग त्यांनी चंद्रपूरहून एक जुना संगणक आणला. एसटीत, गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन. शेजारच्या बाईनं विचारलं म्हणे, "भाऊ, यात पिक्चर दिसते का?" भाऊ म्हणाले, "नाई बाई, यात अर्ज दिसते." कचेरीसमोरच्या टिनाच्या खोलीत त्यांनी तो मांडला. वीज दिवसातून तीनदा जायची, तेव्हा भाऊ दाराशी येऊन लोकांशी गप्पा मारत बसायचे. पण कळा मऊ होत्या. काम करताना माणूस पुन्हा हसू लागला होता, आणि मला त्याचं फार बरं वाटे.

तेवढ्यात नवे साहेब बदलून आले. त्यांनी मला आत बोलावलं. "संगणकावरचे अर्ज घ्यायचे नाहीत. त्यात मजकूर कधीही बदलता येतो." छापलेल्या कागदावरचा मजकूर कसा बदलणार, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि मान डोलावली.

दोन दिवस लोक परत गेले. तिसऱ्या दिवशी भाऊ स्वतः अर्ज घेऊन आले. या बंदीविरुद्धचा, घटनेचा दाखला देणारा अर्ज, आणि तोही संगणकावर छापलेला.

"भाऊ, हा घेता येत नाही."

"नका घेऊ जी. 'संगणकावर लिहिला म्हणून घेतला नाई' एवढं यावर लिहून द्या."

मी साहेबांकडे गेलो. "लिहून कशाला द्यायचं? तोंडी सांगितलंय ना!" मी परत येऊन भाऊंना तेच सांगितलं.

"मग हुकूम हाय कुठी, बाबू?" भाऊंच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले. "या बोटाइनं मशीन दाबल्या जात नाई. संगणक बंद, म्हणजे माहं बोलणं बंद. अन् माह्याकडं येते त्याइचंबी."

मी त्या बोटांकडे पाहिलं. मला भीती वाटत होती, बदलीची आणि साहेबांच्या आवाजाची. तरी शिक्का उचलला आणि मारला.

अर्ध्या तासात दोघांनाही आत बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "घटना घटना करता ना? दाखवा तुमच्या घटनेत संगणक हा शब्द."

"नाई जी, तो नाई. बोलाचा हक्क हाय, धंदा कराचा हक्क हाय, कलम एकोणीसमंधी. कशानं बोलाचं, ते नाई लिहेल. चष्माबी नाई लिहेल जी. मग तुमचा काढून घेता येते का?"

साहेबांचा हात नकळत चष्म्याकडे गेला. मी जमिनीकडे पाहत हसू दाबलं. साहेबांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. शेवटी म्हणाले, "शिक्का बसलाच आहे, तर फायलीला लावा." त्या बंदीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. माझी बदलीही झाली नाही.

भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते आठवले की मला त्या साहेबांच्या खोलीतले भाऊ आठवत नाहीत, पुढच्या एका दुपारचे आठवतात. तोवर कचेरीतही संगणक आले होते आणि नवा फतवा निघाला होता, यापुढे अर्ज संगणकावरच टाइप केलेला हवा. जंगलातल्या एका गावचे म्हातारबाबा हातानं लिहिलेला अर्ज घेऊन आले. भाऊंचा धंदा होईल म्हणून मी त्यांना समोर पाठवलं. पाचव्या मिनिटाला भाऊ त्यांचा हात धरून माझ्यापुढे उभे.

"काय भाऊ, गिऱ्हाईक परत आणलं?"

"यानं साठाव्या वर्षी अक्षर शिकून हे स्वतः लिहेल हाय, बाबू. मी कायले टाइप करू? मी संगणकासाठी भांडलो, तं लोकाइच्या हातातला पेन हिसकासाठी नाई. कोण कशानं बोलन, ते त्याचं तो ठरवन."

या खेपेला मी कुणाला विचारायला उठलो नाही. शिक्का शाईवर दाबला, आणि त्या वाकड्यातिकड्या ओळींतलं एकही अक्षर झाकलं जाणार नाही अशा बेतानं कोपऱ्यात मारला.