अवांतर

बोईसरच्या कारखान्यांत बाहेरगावाहून नोकरीला येणाऱ्यांसाठी माझ्या एका तरुण सहकाऱ्याने इंटरनेटवर मराठी चर्चास्थळ सुरू केलं होतं. खोली कुठे मिळेल, पाणी कुठल्या भागात बरं येतं, असले प्रश्न तिथे यायचे. मी सांगलीकडचा. पालघरबद्दल मला फारसं ठाऊक नव्हतं, पण मत प्रत्येक धाग्यावर, म्हणजे तिथल्या प्रत्येक चर्चेत, द्यायचो. पुढे त्या सहकाऱ्याची गुजरातला बदली झाली आणि जाताना तो मला संपादक करून गेला. माझी लायकी बघूनच केलं असणार, असं मी गृहीत धरलं. "तुमच्याइतकं रिकामं कुणी सापडलं नसेल," असं बायको म्हणाली.

संपादकाला दुसऱ्याचं लिहिलेलं पुसता येतं. घरात माझं कुणी ऐकत नाही, कारखान्यात मी ऐकून घेणाऱ्यांतला. इथे मात्र एक बटण दाबलं की समोरचा गप्प! मी लगेच नियम जाहीर केला: मूळ विषय सोडून लिहिलेलं सगळं 'अवांतर' समजून उडवण्यात येईल. 'येईल' या शब्दावर मी खूश होतो.

अशात परभणीकडच्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या एकाने विचारलं, "बोईसरात ज्वारीची भाकरी कुठे मिळेल?" एकाने खाणावळीचा पत्ता दिला. झालं, प्रश्न संपला. पण लोक थांबतात कुठे? कुणी पीठ मळायची पद्धत लिहिली, कुणाला आईची आठवण आली, सोलापूर आणि नगरवाले ज्वारीवरून भांडले. मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि पत्ता सोडून सगळं साफ केलं. वर लिहिलं, "धागा बंद करण्यात येत आहे." स्वच्छ अंगणाकडे बघावं तसा त्या पानाकडे बघत बसलो.

संध्याकाळी फोन आला. वाणगावच्या एक काकू होत्या, चर्चास्थळावरच्या जुन्या सदस्य.

"भाऊ, तुमी त्या पोराला दिलेलं माझं आवतन पुसलंत काय?"

"कसलं आवतन, काकू?"

"रविवारी जेवायला ये म्हणून लिवलं होतं. आमच्याकडं तांदळाची भाकरी असते, पन गरम तरी हाय, असं."

मला आठवलं. प्रश्न ज्वारीचा होता आणि उत्तर तांदळाचं, म्हणून ते तर मी सगळ्यांत आधी उडवलं होतं.

"काकू, ते अवांतर होतं."

मग त्या म्हणाल्या, "पोरगं उपाशी नाय, एकटं हाय. तुमाला कळत नाय काय?"

कळत नव्हतं, हेच खरं. मी त्या मुलाला खाजगी निरोप धाडला: "आपणास दिलेले जेवणाचे आमंत्रण नजरचुकीने काढण्यात आले होते. ते पुन्हा देण्यात येत आहे." त्याचं उत्तर आलं, "सर, ही नोकरीची मुलाखत आहे का?"

शेवटी काकूंनी मलाही बायकोसकट बोलावलं. रविवारी वाणगावला गेलो. मुलगा माझ्या समोरच बसला आणि मी संपादक आहे हे कळल्यावर जेवणाखेरीज तोंड उघडेना. काकूंनी मिरच्यांच्या लागवडीचा विषय काढला, तिथून त्या नणंदेच्या लग्नावर गेल्या, तिथून गुडघ्यावर. मुलगा हळूहळू हसू लागला, स्वतःच्या आईबद्दल सांगू लागला. मला राहवेना. "पण मिरचीचं काय झालं?" मी विचारलं. बायकोने ताटाआडून माझ्या पायावर पाय दिला.

परतल्यावर मी भाकरीचा बंद केलेला धागा पुन्हा उघडला. पुसलेलं परत आणता येत होतं, ते आणलं. सोलापूर-नगर भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुन्हा जोमाने सुरू झालं. नंतर कुणीतरी नवा धागा काढला, "संपादकांचं काय करायचं?" मी तो लगेच उघडला. पहिल्या दोघांनी मला काढून टाका म्हटलं. तिसऱ्याने घिवलीच्या किनाऱ्यावर ताजे बोंबील कधी मिळतात ते विचारलं आणि पुढचे सगळे बोंबलांवरच बोलत राहिले. माझा निकाल लागलाच नाही. मी अजून संपादक आहे.