अंगणापर्यंत

खर्डी स्टेशनाबाहेर भागीबाई माझ्या आधीच येऊन बसली होती. मांडीवर फडक्यात बांधलेले करांदे (उकडून खायचे रानकंद). मला बघताच म्हणाली, "ताई, केस पिकले, पन टाइम पाळता येत नाय अजून तुमाला." आमच्या महिला संघटनेत मला रागावायचा हक्क तिने पहिल्यापासून स्वतःकडे ठेवलेला आहे.

आम्ही निघालो होतो मुरबाडकडच्या एका गावी, ताराबाईकडे. संघटनेतली आमची तिसरी मैत्रीण. पावसाळ्यात तिच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळली. "आई आता फार दिवस काढतीलसं वाटत नाही," तिच्या सुनेने फोनवर सांगितलं होतं. "भागीमावशीला आणा."

रिक्षात बसता बसता भागीबाईने मला बजावलं, "मी येनार, पन अंगनापत्तूर. आत नाय."

का, ते मला ठाऊक होतं. भागीबाई कातकरी, ताराबाई कुणबी. ताराच्या थोरल्याच्या बारशाला भागीबाई हौसेने झबलं घेऊन गेली, तर सासूने तिला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि वरून ओंजळीत पाणी ओतलं. तारा बाळाला घेऊन आत उभी होती, मान खाली घालून. भागीबाई पाणी प्यायली, झबलं ओट्यावर ठेवलं आणि चालू लागली. मैत्री तुटली नाही. तारा हिच्या झोपडीत येऊन जेवायची, मोर्चात दोघी हात धरून चालायच्या. सासू गेल्यावर ताराने कितीदा बोलावलं; पण ही अंगणातच बसायची, आणि मग ताराही बाहेर येऊन बसायची. आता तारा बाहेर कशी येणार, या विचाराने मला रस्ताभर चैन नव्हतं.

शहापूरला रिक्षा सोडून एसटी धरली. तिथल्या तहसील कचेरीसमोर आम्ही रेशनकार्डांसाठी धरणं धरलं होतं, तेव्हा या दोघी एकाच गोधडीत झोपायच्या.

"तारा घोरायची," भागीबाई हसत म्हणाली.

किन्हवलीला पुढची गाडी चुकली. नशिबाने जीप मिळाली. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, तू मागं बस."

"मागं लय बसले रे. आज पुढं बसनार."

त्याने निमूट जागा करून दिली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून मोकळी झालेली खाचरं, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या. एरवी मी डोळे भरून बघितलं असतं.

ताराच्या सारवलेल्या अंगणात भागीबाई थांबली ती थांबलीच. मी आत गेले. तारा बाजेवर होती. चेहरा एका बाजूला ओढलेला, डोळे मात्र तेच.

"भागी आली?" तिने अडखळत विचारलं.

"अंगणात आहे."

तिने थोडा वेळ डोळे मिटले. "तिला आत बोलवू नका. मलाच भाईर न्या."

मुलगा कामावर गेला होता. सून डोक्याकडे झाली, मी पायांकडे. माझे गुडघे म्हणजे आनंदच. बाज जेमतेम उचलली आणि एका बाजूला कलली. तारा कण्हली.

"अगो, पाडाल तिला!"

अंगणातून आवाज आला आणि पाठोपाठ भागीबाईच आली, उंबरा ओलांडून, सरळ. मला बाजूला सारून तिने बाज धरली. "सूनबाय, उचल."

बाज अंगणात उन्हाला ठेवली. ताराच्या डोळ्यांना धार लागली होती. "त्या दिशी मी गप रायले, भागे."

"तू तरी नवीनच होतीस गो त्या घरात," भागीबाई म्हणाली. मग करांदा सोलून, बोटांनी कुसकरून ताराच्या तोंडात घालू लागली. "खा. रडू नको, घशात अडकंल."

सुनेने तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक मासळी) वाढली. बाजेभोवती बसून आम्ही जेवलो. उन्हं उतरल्यावर बाज पुन्हा आत नेली, तीही भागीबाईनेच. ताराच्या अंगावर पांघरूण घालून ती बाहेर आली.

परतीच्या जीपमध्येही ती पुढेच बसली, मी शेजारी. मला वाटत होतं, इतक्या वर्षांचं काहीतरी आज मिटलं. तसं तिला म्हणावं म्हणून मी वळले, तर ती समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली,

"ताई, घर लहानच हाय तिचं. मला आपलं वाटायचं, लय मोठं असंल."