शनीसाठी कॅमेरा ठरतो

आमच्या घरात माझ्यासाठी एखादी वस्तू घ्यायची ठरली, की ती नेमकी कुणाच्या उपयोगाची हे आधी ठरतं. फ्रीज माझ्यासाठी घेतला, त्यात पहिल्याच दिवशी जनावरांची इंजेक्शनं गेली. स्कूटी माझ्यासाठी घेतली, तिच्यावर आजही आमचे हे दुधाच्या किटल्या वाहतात. (मी शाळेत एसटीनेच जात राहिले.) त्यामुळे शनीचे फोटो काढायला कॅमेरा हवा, हे वाक्य मी घरात उच्चारलं तेव्हाच पुढचं सगळं कळायला हवं होतं. भूगोल शिकवण्यात हयात गेली, पण स्वतःच्या घराचा नकाशा काही मला वाचता आला नाही.

दुर्बीण मात्र या तावडीतून सुटली. ती निवृत्तीच्या वेळी जुन्या विद्यार्थ्यांनी परस्पर माझ्या हातात दिली, म्हणून घरच्यांना बैठक घेता आली नाही. बैठक म्हणजे काय ते सांगते. आमचं घर श्रीरामपूरजवळच्या एका गावात, चारी बाजूंनी ऊस. घरात सासूबाई, आमचे हे, धाकटे दीर दत्तू भाऊजी आणि मी. ट्रॅक्टर असो, जावई असो की मिक्सर, निर्णय ओसरीवर चौघांनी बसून करायचा आणि त्यात तिघांनी बोलायचं.

पहिल्या हिवाळ्यात, दिवाळी होऊन गेल्यावर, एका संध्याकाळी मी गच्चीवर दुर्बीण लावली आणि शनी सापडला. पिवळसर गोळा आणि त्याच्याभोवती अलगद तरंगणारी कडी. मी रडले, त्यात लाज कसली. सगळी नोकरी मी तो पिवळ्या खडूने फळ्यावर काढला, आणि तो खरोखरच आहे हे निवृत्त झाल्यावर कळलं! मी सगळ्यांना वर बोलावलं. ह्यांनी डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आतमधी चित्र चिटकवलंय का कुनी?" सासूबाई तर जिन्यातूनच परत फिरल्या. शिंगणापूर आमच्यापासून लांब नाही. तिथे गेल्या तरी त्या देवाच्या समोर उभ्या राहत नाहीत, बाजूने हात जोडतात.

"त्याच्या नजरंला नजर द्यायची नस्ती, सुमन," त्या खालून म्हणाल्या. "तू बी देऊ नको."

माझ्या मनात एकच होतं. शाळेतल्या भूगोलाच्या वर्गात ग्रहांचा एक तक्ता आहे. तो इतका विटलाय, की त्यात शनी कोणता आणि वाळवीचं भोक कोणतं हे मला छडी टेकवून सांगावं लागे. त्या जागी मी काढलेला शनी लागावा, कड्यांसकट, खाली बारीक अक्षरात माझं नाव असावं. मुख्याध्यापक आनंदाने हो म्हणाले. पण मोबाईल टेकवून फोटो काढला तर शनीचा साबुदाणा झाला. मग मी पुण्याला मेघनाला फोन लावला. ती माझी जुनी विद्यार्थिनी, हा उद्योग बरीच वर्षं करते. तिने समजावलं, की ग्रहांसाठी वेगळाच कॅमेरा असतो, कुंकवाच्या डबीएवढा, स्वतःचं भिंग नसलेला. दुर्बिणीला जिथे डोळा लावतो तिथे तो खोचायचा, लॅपटॉपला जोडायचा, ग्रहाचा व्हिडिओ घ्यायचा आणि त्यातली स्वच्छ चित्रं निवडून एकावर एक रचायची.

हे सगळं मी बैठकीत जसंच्या तसं सांगितलं, तिथेच माती खाल्ली. भिंग नाही तर तो कॅमेरा कशाचा, असं भाऊजींनी विचारलं. डबीएवढी वस्तू कुणी कनवटीला लावून नेली तरी कळायचं नाही, असं सासूबाईंचं मत पडलं. आणि घ्यायचाच तर चांगला मोठा घ्यावा, माघात भाचीचं लग्न आहे, हे ह्यांनी सांगितल्यावर प्रश्नच मिटला. माझ्या शनीसाठी लग्नाच्या फोटोग्राफरकडे असतो तसा, गळ्यात घातला की मान वाकेल असा कॅमेरा आला. त्याच्या वजनाने दुर्बीण एका अंगाला कलायची. फोटोत एवढं मोठं काळं आभाळ आणि मधोमध एक मोहरी, ती म्हणजे शनी. मी तक्रार करेपर्यंत कॅमेरा लग्नाला निघूनही गेला. तिथून तो साखरपुडे, बारशी आणि सरपंचाची मिरवणूक करत फिरला आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरी आला, तो बटणांच्या फटीत अक्षता आणि गुलाल घेऊन.

दुसऱ्या हिवाळ्यात मी शहाणपणा केला. मला छोटा, व्हिडिओ घेणारा, अंधारात चालणारा कॅमेरा हवा, असं मोजकंच बोलले. भाऊजींचे डोळे लकाकले. (विहिरीवरच्या मोटारीची केबल त्याच महिन्यात चोरीला गेली होती.) आठवडाभरात गच्चीच्या कठड्यावर सीसीटीव्ही बसला, तोंड आभाळाकडे! त्याने काम मात्र इमानदारीने केलं. किडे, वटवाघळं, कारखान्याच्या चिमणीचा धूर आणि गच्चीवर चोरून तंबाखू मळणारे आमचे हे, एवढं सगळं त्याने टिपलं आणि शनी तेवढा सोडला. मग वहिनींचं काम झालं असं सर्वानुमते ठरून तो विहिरीवर गेला.

त्याच हिवाळ्यात मला एक गोष्ट खटकत होती. दुर्बिणीतून कडी बारीक दिसायला लागली होती. आदल्या वर्षी कशी ऐसपैस होती, आता अगदीच आखडली होती. पुस्तकातल्या आकृतीत ती जन्मभर एकाच कलाने काढलेली असतात, तेव्हा शनीचा संशय मला का यावा? संशय मी स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे थोडा, आज ना उद्या काढावाच लागेल. मी म्हटलं, आजच काढा! पट्टी झाली, थेंब झाले, काळा चष्मा लावून पाहुण्यांसमोर बसून झालं, आणि डोळा बरा झाल्यावर मी गच्चीवर गेले. कडी आता अगदी लख्ख दिसत होती. आधीपेक्षाही बारीक. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, मी खाली जाऊन मऊ फडकं आणलं आणि दुर्बीण पुसत बसले.

मग मात्र ठरवलं, आता बैठक नाही. मेघनाला सांगून तो डबीएवढा कॅमेरा गुपचूप मागवला. तो आला श्रावणात, त्यातून शनिवारी, त्यातून मी गिरणीत दळण आणायला गेले असताना. आमच्याकडे नव्या यंत्राला पूजेशिवाय हात लावत नाहीत. ट्रॅक्टरला नारळ फुटतो, मोबाईललासुद्धा कुंकू लागतं. पार्सल घ्यायला घरात कुणीतरी हवं, म्हणून आतली वस्तू शनीची आहे एवढंच मी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं. श्रावणी शनिवार, शनीची वस्तू, आणि वरचं झाकण काढल्यावर आत छोटीशी गोल पोकळी! त्यांनी रुईचं पान ठेवलं, काळे उडीद वाहिले आणि ती पोकळी तेलाने काठोकाठ भरली. मी आले तेव्हा कॅमेरा देव्हाऱ्यात समईच्या शेजारी उभा होता.

"आत्याबाई, हे काय केलंत?" मी कसंबसं विचारलं.

"तुझंच भलं केलं. दोन वर्सं झाली, त्यो तुला फोटू देईना. तेलाबिगर कसा दील?"

मला भयंकर संताप आला. पण शनीच्या धाकाने जी बाई गच्चीची पायरी चढत नव्हती, तिने माझा फोटो यावा म्हणून त्याची पूजा मांडली होती. तिच्यावर ओरडणार तरी कसं? मी कॅमेरा उलटा करून ताटलीत निथळत ठेवला आणि मग पुण्याला पाठवला. मेघनाने आतली काच कशी साफ केली तीच जाणे. दिवाळी उलटल्यावर तो परत आला.

तिसरा हिवाळा. आभाळ धुऊन काढल्यासारखं. मी कॅमेरा खोचला, लॅपटॉप जोडला, ह्यांना आणि भाऊजींना खुर्च्या मांडल्या. पडद्यावर बघितलं तर नजरेला नजर होत नाही, हे पटवल्यावर सासूबाईही वर आल्या. हलक्या हाताने फोकस फिरवला आणि शनी आला. इतका रेखीव गोळा मी कधी पाहिला नव्हता, अंगावरचे पट्टेसुद्धा दिसत होते. कडी मात्र नव्हती! गोळ्याच्या आरपार एक बारीक रेघ होती, बाकी काही नाही.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "लिंबाला सुई टोचलीय कुनीतरी," त्या म्हणाल्या.

मी तिथूनच मेघनाला फोन लावला. "बाई, या वर्षी कडी आपल्याला अगदी आडवी आलीत ना, त्यामुळे नुसती कड दिसते," ती म्हणाली. "पंधरा-एक वर्षांनी होतं असं. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल." मला माहीत नव्हतं. पुन्हा कधी दिसतील असं विचारलं, तर म्हणाली, हळूहळू उघडतील, पण पहिल्यासारखी ऐसपैस व्हायला सहा-सात वर्षं लागतील. म्हणजे आम्ही खाली कॅमेरा निवडत होतो आणि वर तो गृहस्थ एकेक बोट दार ओढून घेत होता. मी रोज समोर उभी राहून ते बघत होते आणि डोळ्यात थेंब घालत होते. ज्याच्या गावात घरांना दारं नसतात, त्याने दार लावलं ते माझ्याच तोंडावर!

तरी फोटो शाळेला पाठवला. मुख्याध्यापक भला माणूस, त्यांनी स्वतः फोन केला. फोटो सुंदर आहे म्हणाले, पण पोरं विचारतात, हा शनी कशावरून? शिवाय परीक्षेत कडी काढली नाहीत तर मार्क जातो, उगाच गोंधळ नको. तेव्हा तक्ता आहे तसाच राहू दे, असं त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं. (कड्यांना एक मार्क, ही पद्धत त्या शाळेत कुणी पाडली ते मी सांगणार नाही.) मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. सगळ्या जन्मात स्वतःसाठी म्हणून एवढी एकच गोष्ट मागितली होती.

त्या दिवशी मी जेवले नाही. घरात माझ्यामुळे शांतता पसरण्याची ती पहिलीच वेळ. शेवटी ह्यांनी घसा खाकरला.

"हे बघ, सात वर्सं हातात हायेत," हे म्हणाले. "आता घाई न्हाई करायची. समदे बसू, नीट इचार करू आन एकदाच चांगला कॅमेरा घिऊ."

भाऊजी सरसावून बसले. सासूबाईंनी पाट ओढला. त्या क्षणी मी दुर्बीण उचलून विहिरीत टाकायला हवी होती. (सीसीटीव्हीत तेही नीट आलं असतं.) त्याऐवजी मी चहा टाकायला उठले आणि जाताना बजावलं, की मी येईपर्यंत काही ठरवू नका. चहा घेऊन आले तोवर ड्रोन ठरला होता. तो आभाळात जातो, त्याला कॅमेरा असतो, आणि उसावर औषधही फवारता येतं म्हणे. आणि मी, भूगोलाची निवृत्त शिक्षिका, माझा कप हातात घेऊन खाली बसले आणि विचारलं, "किती उंच जातो?"